देवघरातला प्लग

आमच्या घरात विजेचे पाच पॉइंट आहेत, पण माझा फोन चार्ज व्हायचा तो फक्त देवघरातल्यावर. बाकीच्यांत चार्जर सैल बसायचा. देवघर म्हणजे वेगळी खोली नव्हे. स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या भिंतीला एक बुटका ओटा आहे, त्यावर देव्हारा, आणि देव्हाऱ्याच्या उजव्या हाताला वीतभर अंतरावर तो प्लग. देवाला दिव्यांची माळ लावता यावी म्हणून ह्यांनीच कधीतरी तो काढून दिला होता.

ह्यांना सगळं आपल्या हातानं करायची हौस. डोलवीला एका कंपनीत कंत्राटावर फिटर आहेत. "हत्तीएवढ्या मोटारी खोलून बसवतो मी, ह्यो तर तळहाताएवढा फोन," असं म्हणायचे आणि जेवण झालं की चष्मा लावून बसायचे.

मे महिन्यात माझा फोन मोरीतल्या बादलीत पडला. तांदूळ पाणी ओढून घेतात असं ह्यांना कोणीतरी सांगितलेलं, म्हणून फोन तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. नैवेद्याचे तांदूळ मी वेगळे ठेवते. ह्यांनी नेमका तोच डबा उचलला. फोन चालू झाला, पण चार्जिंगच्या भोकात एक कणी अडकली. ती सुईनं काढताना आतली पट्टी वाकली. तेव्हापासून चार्जरची पिन एका ठरावीक तिरक्या कोनातच लागायची, आणि ती हलू नये म्हणून ह्यांनी दोरा गुंडाळून ठेवला. पुढे सिम काढायला गेले तर टाचणी चुकीच्या भोकात गेली. ते भोक माइकचं होतं. समोरच्याचं मला ऐकू यायचं, माझं समोर काही जायचं नाही.

"तशी तू बोलतेस तरी किती?" हे म्हणाले. लेक, प्रतिक्षा, हसली. मीही हसले.

सिमचा खण सारखा बाहेर यायचा, म्हणून त्याला घट्ट चिकटवणाऱ्या गोंदाचे दोन थेंब लागले. चालू-बंद करायचं बटण आत गेलं ते गेलंच. गणपतीत फोनची पाठ फुगायला लागली, तेव्हा ह्यांनी कपडा घालून वरून इस्त्री फिरवली, पाठ उघडली, आत बघितलं आणि परत लावून वर दोन रबरं चढवली. त्यानंतर पडदा काळा पडला. मागून अंगठ्यानं दाबलं की चित्र यायचं, सोडलं की जायचं.

नवा फोन घ्यायला ह्यांची ना नव्हती. ना माझी होती. पितृपंधरवडा चालू होता. त्या दिवसांत घरात नवी वस्तू आणायची नाही हे मी माहेरापासून पाळत आलेय. "दसऱ्याला घेऊ," मी म्हटलं. माझं हे बोलणं नंतर मला कितीदा आठवलं ते माझं मलाच ठाऊक.

आमचं घर अष्टमी गावात, कुंडलिका नदीच्या अलीकडच्या काठाला. पूल ओलांडला की रोहा. पण नवरात्रात मला पूलही नाही आणि अंगणही नाही. आमच्यात घट बसले की घर रिकामं ठेवत नाहीत आणि अखंड दिवा एकटा सोडत नाहीत. सासूबाई होत्या तेव्हा आम्ही दोघी आळीपाळीनं बसायचो. त्या गेल्या त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून नऊ दिवस मीच. एकवेळ फराळ, जमिनीवर झोपायचं, वात सरकवायची, तेल घालायचं. खरं सांगायचं तर मला ते नऊ दिवस आवडतात. कोणी कुठे बोलावत नाही.

यंदा मात्र दिव्याच्या शेजारी तो फोनही बसला होता.

प्रतिक्षाचं नर्सिंगचं नाव दुसऱ्या यादीत लागलं, अलिबागला. शनिवारी, म्हणजे सहाव्या माळेच्या दिवशी, पेणच्या केंद्रावर मूळ कागद दाखवायचे आणि संध्याकाळी पाचच्या आत सीट पक्की करायची. पक्की करताना ओटीपी येतो, तो आकडा तिथे सांगावा लागतो. तो येणार होता माझ्या नंबरवर. जूनमध्ये अर्ज भरताना प्रतिक्षाकडे फोन नव्हता, तिनं माझा नंबर घातलेला.

"नंबर बदलून घे की," मी तिला म्हटलं.

"आई, नंबर बदलायचा तर त्याचा ओटीपीपण जुन्याच नंबरवर येतो."

"मग, हे तर चिकटलंय, ह्याच नंबरचं दुसरं सिम काढू."

ह्यांनी मान हलवली. "नवीन सिमवर चोवीस तास मेसेज येत नाय. आज शुक्रवार. उगाच पोरीच्या सीटीचं वाटोळं करशील." ते खरंच होतं, दुकानात विचारून आले होते. "फोन चालतोय ना? चालतोय. हलवायचा फक्त नाय. हलला की पिन सुटली, पिन सुटली की मिनटात बंद, आणि बंद झाला की मग ब्रह्मदेव आला तरी चालू होत नाय."

म्हणजे घट हलवायचा नाही आणि फोनही हलवायचा नाही. दोघांच्या मधे मी.

शुक्रवारी दुपारनंतर मी मागच्या दारातून सॅम्युएलकाकांना हाक मारली. त्यांचं आणि आमचं मागचं अंगण एकच, मधे फक्त कमरेएवढी भिंत. काकांनी बाजारात चाळीस वर्षं घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त केले, शेवटी शेवटी फोनही. आता दुकान बंद आहे. मुलगा एलियाह इस्रायलला असतो, एस्थरकाकूंना जाऊन दोन वर्षं झाली. अष्टमीत त्यांच्या ज्यू समाजाची पूर्वी कितीतरी घरं होती म्हणतात. माझ्या बघण्यात आता काकाच. सकाळी मी तुळशीला पाणी घालते तेव्हा ते आपल्या पडवीत डोकं झाकून प्रार्थना करत असतात. वीस वर्षं आम्ही असे एकमेकांना बघतोय.

काका उंबऱ्यात थांबले. मी फोन आणू शकत नव्हते, म्हणून तेच चार पावलं आत आले, वाकले, आणि ओट्याला हात न लावता फोनकडे बघत राहिले.

"ही बॅटरी कधी फुगली?"

"गणपतीत."

"आणि अजून लावून ठेवलीय? तुझ्या पुंडलिकाला काय डोकंबिकं हाय का नाय?" ते सरळ उभे राहिले. "बाय, आत्ताच्या आत्ता काढ. अंगणात रेती घाल आणि त्यात ठेव. हिला दाबायचं नाय, तापवायचं नाय. आत कागदासारखे पातळ थर असतात, ते एकमेकांना टेकले की संपलं."

मी त्यांना उद्याचं सगळं सांगितलं. ते ऐकत असताना बाहेर उन्हाकडे बघत होते. मला कळलं ते काय बघतायत. सूर्य बुडला की त्यांचा शनिवार सुरू होतो. मग ते चूल पेटवत नाहीत, दिव्याच्या बटणाला हात लावत नाहीत, फोन नाही, हत्यार नाही.

"आता खोलायला घेतला तर तासात व्हायचा नाय," ते म्हणाले. "आणि खोलला तर परत चालू होईल असं मी सांगणार नाय. रविवारी सकाळी ये म्हणालो असतो."

"काका, शनिवारी कधीच नाही का चालत?" विचारल्यावर मलाच वाईट वाटलं. माझ्या नेमावर कोणी असं विचारलेलं मला आवडत नाही.

त्यांना राग आला नाही. "जिवावर बेतलं तर शनिवार बाजूला ठेवायचा, असं आमच्यात सांगितलंय. ठेवायचाच. नाय ठेवला तर पाप." मग म्हणाले, "पण सीट म्हणजे जीव नव्हे, बाय. पुढल्या वर्षी परत येते."

जाताना भिंतीपाशी वळले. "गोडसर वास आला, नखपॉलिश पुसायच्या औषधासारखा, तर थांबायचं नाय. हात लावायचा नाय. जमलं तर वर माती टाकायची आणि घराबाहेर पडायचं. ऐकलंस?"

ऐकलं होतं. पण पुढल्या वर्षी सीट येते हे प्रतिक्षाला कोण सांगणार? गेल्या वर्षी नाव लागलं नव्हतं. वर्षभर तिनं रोह्यात कापडाच्या दुकानात काम केलं, दुपारच्या डब्याच्या वेळेत पुस्तक घेऊन बसली. घरात स्थळांचं बोलणं सुरू झालं होतं. "यंदा नाय झालं तर मग बघू," असं हे दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, फोनवर म्हणालेले तिनं ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती घरात चालतानाही आवाज करत नव्हती.

शनिवारी सकाळी सहाला बाप-लेक एकाच गाडीनं निघाले. ह्यांच्या कंपनीत फोन गेटवरच जमा करतात, म्हणून ह्यांचा फोन प्रतिक्षा घेऊन गेली. निघताना हे मला परत एकदा शिकवून गेले. "मागून मधोमध दाबायचं, अंगठ्यानं. जरा जोर लाव, मोडत नाय ते."

"सॅम्युएलकाका म्हणाले दाबायचं नाही."

"काका घड्याळवाले," हे चप्पल घालताना म्हणाले.

मी देवीला सहावी माळ घातली. परडीतल्या मातीत रुजवण बोटभर वर आलं होतं, पिवळट हिरवं, दाट. यंदा इतकं छान आलं होतं की शेजारची सीताबाई काल बघून म्हणाली, "ह्या वर्षी तुमच्याकडं काहीतरी चांगलं होणार गो." ती आणि आळीतल्या बाकी बायका सकाळीच धावीर महाराजांच्या देवळात गेल्या. सगळी आळी शांत झाली.

दहाला फोन वाजला. पडदा काळाच, पण खालच्या भागावर बोट ओढलं की उचलला जायचा, तेवढं मला सवयीनं जमत होतं.

"आई, पोचले. ऐकू येतंय ना? येत असेल तर कट कर."

मी कट केला. पुन्हा वाजला.

"माझ्या आधी साठ जण आहेत. जेवणाच्या सुट्टीनंतरच लागेल नंबर. तू जप कर. फोनकडे बघत बसू नकोस." मग आवाज खाली आला. "आई, बाबा म्हणाले तरी उगाच दाबून बघू नकोस. आकडा येईल तेव्हाच. गरम आहे का तो?"

होता. मी हो म्हटलं. माझं हो त्या काळ्या काचेवर राहिलं. ती तिकडे थोडा वेळ थांबली, श्वास ऐकू आला, मग म्हणाली, "ठेवते."

दुपारी नैवेद्य दाखवला. फोन वाटीसारखा फुगलेला, रबरं ताणलेली. त्याच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला तेलाचं भांडं, वर झेंडूच्या सहा माळा. मी तेलाचं भांडं खाली फरशीवर, हाताला येईल असं ठेवलं. देवीच्या अंगावरच्या वस्त्राचा पदर आत खोचला. प्लग काढावा, असं दोनदा मनात आलं आणि दोनदा हात बटणापर्यंत जाऊन परत आला. काढला असता तर फोन मिनिटात गेला असता. नाही काढला तर तो असाच तापत राहणार. उठून बाहेर जावं तर दिवा एकटा. बसून राहावं तर शेजारी हा फोन. जपाची माळ फिरत होती, पण मी कोणाचं नाव घेत होते ते मला सांगता येणार नाही.

अडीचच्या सुमाराला लाइट गेली. पंखा थांबत आला तसा माझा श्वासही. मी आकडे मोजायला लागले, साठपर्यंत पोचायचं नाही अशी देवीला विनवणी करत. एकेचाळीसला पंखा परत फिरला. फोनमधून बारीक टिक असा आवाज आला, म्हणजे चालू होता.

पावणेचारला प्रतिक्षाचा फोन आला. पाठीमागे माणसांचा गलका.

"आई, आले खिडकीपाशी. मॅडम आता पाठवतायत. दहा मिनिटंच चालतो आकडा, मग परत रांग, आणि पाचला बंद होणार. आई, नीट ऐक. आकडा बघ आणि मला मेसेजमध्ये टाक. सहा आकडे. फक्त आकडे. बरं? ठेवते हं."

फोन बंद झाला आणि लगेच मेसेजचा आवाज आला.

मी देवीला नमस्कार केला. उजव्या हाताचा अंगठा फोनच्या पाठीखाली सरकवला. चटका बसला. काका म्हणाले होते ते सगळं आठवत होतं, एकही शब्द मी विसरले नव्हते. मी दाबलं.

चित्र आलं नाही.

अजून जोर लावला. पाठ आत गेली आणि अंगठ्याखाली काहीतरी मऊ सरकल्यासारखं वाटलं. पडद्यावर पांढऱ्या रेघा आल्या, मग चित्र. मेसेज वरच्या कडेला होता. चार, शून्य, सात, सात. पुढचे दोन आकडे रेघांच्या खाली.

आणि वास आला. गोड.

इथे मी खोटं लिहिणार नाही. मला वेळ होता. हात काढायला, प्लगचं बटण दाबायला, मागच्या दारातून अंगणात जायला पुरेसा वेळ होता. मी प्रतिक्षाचा विचार केला असंही नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं की हे चार आकडे आहेत आणि दोन राहिलेत. मी दोन्ही अंगठ्यांनी दाबलं.

दोन. नऊ.

चारशे सात, सातशे एकोणतीस. मी ते मोठ्यानं म्हटलं, मंत्रासारखं, विसरू नये म्हणून. मग उजवा अंगठा मागे तसाच ठेवून डाव्या बोटानं प्रतिक्षाचा मेसेज उघडला. खालच्या भागाला बोट कळत होतं, म्हणून आकडे दाबता आले. एकदा सात तीनदा पडला. एक पुसला. पाठवायच्या खुणेवर बोट ठेवलं. मेसेज वर सरकला. त्याच्यापुढे खूण उमटली की नाही ते मला दिसलं नाही, कारण तेवढ्यात फोननं कुकरची शिटी सुटण्याआधी होतो तसा आवाज केला.

मी हात काढला. फोन ओट्यावर पडला आणि त्याच्या फटीतून धुराचा फवारा निघाला, आणि मग ज्योत, निळसर, वीतभर लांब, सरळ झेंडूच्या माळांकडे. पहिली माळ करपून तुटली. वस्त्राच्या काठानं पेट घेतला.

माती. काकांनी सांगितलेलं होतं. माती कुठे? अंगणात. अंगण दहा पावलांवर. आणि माती इथे, माझ्या समोर, घटाखाली, सहा दिवस माझ्या हातानं पाणी घातलेली.

मी कलश उचलून बाजूला ठेवला. नारळ गडगडत चुलीपर्यंत गेला. परडी दोन्ही हातांनी उचलली आणि रुजवणासकट सगळी त्या फोनवर उपडी केली. उरलेली माती ओंजळीनं वस्त्रावर टाकली. धूर कोंडला, मातीतून फुसफुस येत राहिली. हिरव्या कोंबांचा जळका वास आला. तो वास मला अजून येतो.

"बाहेर ये! बाय, बाहेर!"

सॅम्युएलकाका भिंत ओलांडून आले होते. बहात्तर वर्षांचा माणूस कसा आला देव जाणे. त्यांनी पुढच्या खोलीत जाऊन मेन स्विच खाली ओढला, खटकन, आणि परत येऊन माझ्या दंडाला धरून मला मागच्या दारातून बाहेर काढलं. सहा दिवसांनी पायाखाली अंगण लागलं. ऊन होतं. मी खोकत होते.

थोड्या वेळानं काका तोंडाला रुमाल धरून दारातून डोकावले. "विझलंय. अजून धूर हाय. अर्धा तास आत जायचं नाय."

मी तुळशीपाशी बसले. दारातून आत दिसत होतं. ओट्यावर मातीचा ढीग, काळवंडलेला देव्हारा, आणि डाव्या बाजूला दिवा. लागलेला. घरात कोणी नव्हतं तरी.

काकांनी त्यांच्याकडून तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्या अंगठ्यावर धार धरली. तेव्हा मी बघितलं की अंगठ्याला टचटचीत फोड आलाय.

"तुमचा शनिवार मोडला काका," मी म्हटलं.

"मोडला नाय. बाजूला ठेवला होता." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "आता परत जागेवर."

"आणि माझं?"

"ते मी कसं सांगू? तुझ्या देवीला विचार." मग जरा कडक आवाजात म्हणाले, "पण मला एक सांग. वास आला होता ना? कळलं होतं ना?"

मी मान हलवली.

"मग?"

मी फोडावर फुंकर घातली. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

सव्वाचार झाले असतील. पाच वाजायचे होते. मेसेज गेला होता की नाही, गेला तर बरोबर गेला होता की नाही, मला काहीच माहीत नव्हतं. एक आकडा जास्त पडलाय का, पुसला तो बरोबर पुसला का, हेच डोक्यात फिरत होतं. काकांच्या घरात फोन होता. मी तो मागितला नाही. आग विझवायला त्यांनी शनिवार बाजूला ठेवला. सीटीसाठी ते ठेवणार नाहीत हे काल सांगितलंच होतं, आणि मी मागितला असता तर कदाचित दिलाही असता. म्हणूनच मागितला नाही.

"तीन चांदण्या दिसल्या की शनिवार संपला, मग लावतो मी फोन पुंडलिकाच्या नंबरवर," ते स्वतःच म्हणाले.

धूर गेल्यावर मी आत गेले. दिव्यात तेल घातलं. माती तशीच ठेवली, हात लावायचा धीर झाला नाही. मग उंबऱ्यात बसून आभाळाकडे बघत राहिले, भिंतीपलीकडे काका खुर्ची टाकून बघत होते. परतीच्या पावसाचे ढग जमून आले होते. पाच वाजून गेले. सहा गेले. अंधारून आलं. एक चांदणी दिसली आणि ढगात गेली.

"ती धरायची का?" मी विचारलं.

"एकच हाय," काका म्हणाले.

दुसरी दिसायच्या आधी पुढच्या दारात चपला वाजल्या. आधी ह्यांचा आवाज आला, मोठा, खुशीतला. "बघ! म्हटलं नव्हतं? दाबलं की चित्र येतं! घड्याळवाल्या काकांना सांग आता! आणि लाइट का लावली नाय गो?"

त्यांच्या मागून प्रतिक्षा धावत आली. "आई, झालं! पक्की झाली सीट! पहिल्याच फटक्यात आकडा आला तुझा. मी नंतर किती फोन लावले, लागतच नव्हता, बाबा म्हणाले बंद पडला असेल—"

ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. हे तिच्या मागे. दिव्याच्या उजेडात जेवढं दिसत होतं तेवढं दोघांना दिसलं. मातीचा ढीग. रिकामी परडी. अर्धी जळलेली देवीची साडी. भिंतीवर छतापर्यंत काळा पट्टा.

ह्यांनी लाइटच्या बटणाकडे नेलेला हात खाली घेतला. प्रतिक्षानं माझा हात हातात घेतला, अंगठा बघितला आणि रडायला लागली. मला वाटलं होतं, तिला सीट मिळाली की मलाही असंच रडू येईल. आलं नाही.

"माझ्यामुळं," हे शेवटी म्हणाले.

"माझ्याहीमुळं," मी म्हटलं. "पितृपंधरवडा मी सांगितला होता." मी नेहमीच्याच आवाजात बोलले, पण त्या दिवशी ते ऐकायला हे जवळ आले.

मातीत उरलेले कोंब मी वेचून बघितले. तेरा निघाले, तेही पिवळे. ते दुसऱ्या मातीत लावले. गुरुजींना निरोप पाठवून विचारलं, ते म्हणाले, दिवा होता ना, मग चालू ठेवा. मी चालू ठेवला. तेराचे सात राहिले.

तीन दिवसांनी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं देवीपुढे मांडतात. सासरे असताना कोयता, विळा असायचा. आता ह्यांची पेटी असते: पाने, पक्कड, सोल्डरची कांडी, ते बारीक पेचकसांचं खोकं. ह्यांनी दरवर्षीप्रमाणे पेटी पुसून आणून ठेवली. मी हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं, आरती केली.

आरती झाल्यावर हे पेटी उचलायला वाकले, तेव्हा मी आधीच तिला लाल दोरा गुंडाळत होते. उभा, आडवा, परत उभा. गाठ मारली.

"काय करतेस गो?"

"कंपनीतली हत्यारं कंपनीत आहेत ना तुमची?"

"ती हायत. पण ही—"

"ही पुढच्या खंडेनवमीपर्यंत देवीची."

प्रतिक्षा अलिबागची बॅग भरत होती, ती थांबली. हे माझ्याकडे बघत राहिले, मग पेटीकडे, मग भिंतीवरच्या काळ्या पट्ट्याकडे. दोऱ्याला हात लावला नाही.

मी पेटी उचलली. जड होती. ओट्याखालच्या फडताळात, नैवेद्याच्या तांदळाच्या डब्यामागे ठेवली आणि दार लावून घेतलं.